दोन्ही पाइप कोमट

हातांत पायमोजे. लोकरीचे, तपकिरी.

मे महिना, सप्तशृंगी गडाचा घाट, बॉनेटमधून वाफ.

नर्स: "स्टीलच्या पेल्यालासुद्धा हात लावायचा नाही, आजी."

दिंडोरीच्या बागांत द्राक्षं गारठू नयेत म्हणून पहाटे पेटवलेल्या शेकोट्या. धूर रस्त्यावर आडवा.

एक काटा. तो चढत नाही.

खंडेराव दिंडोरी रोडवरच्या गॅरेजात गाडी घेऊन आले तेव्हा टळटळीत ऊन होतं. हीटरचं नाव काढल्यावर किशोर मिस्त्री हसलाच.

"काका, नाशकात हीटर? लोक माझ्याकडं एसीसाठी भांडतात."

"करायचा का नाय ते बोल. नुसती गार हवा फेकतोय."

खंडेराव वणीचे. उभा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेला. गाडीचं दुखणं दुसऱ्याला विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पण काल त्यांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, सांगून टाकलं होतं. आतड्याच्या कॅन्सरवर त्यांना शिरेतून जे औषध देत होते, त्यानं गारवा सुयांसारखा टोचायचा. हातांत मोजे चढवून, तोंडावर पदर धरून त्या पहाटे वणीहून नाशिकला यायच्या. "दवाखान्यातली सुई परवडली," त्या म्हणाल्या, "ही वाट नको. मी आता येत नाय." पुढचा डोस गुरुवारी होता.

किशोरनं इंजिन चालू ठेवलं. पाणी बघितलं, भरलेलं होतं. पंखा जोरात होता. मग बॉनेटखाली हात घालून त्यानं हीटरकडं जाणारे दोन पाइप चाचपले.

"एक गरम, एक गार असता तर म्हणलो असतो, आत कचरा अडकलाय. हे दोन्ही कोमट." त्यानं इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडं बोट केलं. "एवढा वेळ चालू आहे तरी गाडी तापलीच नाही. मग हवा कुठून तापणार? थर्मोस्टॅटचा वॉल्व गेला असणार."

त्यानं पान्यानं झाकण खोललं. आत वॉल्व नव्हताच.

"कोणत्या शहाण्यानं काढला हो हा?"

खंडेराव रस्त्याकडं बघत म्हणाले, "म्या."

"तुम्ही?"

"उन्हाळ्यात गडावर गाडी उकळली. ही संगं होती, घाबरली. घरी आणून काढून टाकला. डेपोत आम्ही सगळेच काढायचो, इंजिन थंड राहतं."

"राहिलं ना थंड!" किशोर खो खो हसला. "पाणी तापेस्तोवर अडवून धरायचं, एवढंच त्याचं काम. तुम्ही इंजिनला गार पाण्याच्या अंघोळीला बसवलं, काका, आणि आता म्हणताय त्याला ताप का येत नाही!"

खंडेराव हसले नाहीत. किशोरनं त्यांच्याकडं बघितलं आणि तो नवा वॉल्व आणायला गेला.

गुरुवारी पहाटे त्यांनी लंकाबाईंना उठवायच्या आधी गाडी चालू करून ठेवली. काटा मधोमध येईपर्यंत आत बसून राहिले. मग हाक मारली.

"बसून तर बघ. गार लागलं तर माघारी वळवतो."

त्या कुरकुरत बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी बोटं हीटरच्या जाळीपुढं धरली, एकेक करून उघडली.

"अगं बाई. चुलीपुढं बसल्यावानी वाटतंय." मग म्हणाल्या, "एवढं येतं तर आधी का नाय केलंत? माझा जीव खाल्ला दोन महिने."

"पार्ट मिळत नव्हता."

"डायवर म्हनं मोठे."

वाटभर त्या बोलत होत्या. कुणाची बाग यंदा छाटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुठल्या वळणावर खंडेरावांनी तरुणपणी एसटी चिखलात घातली होती. खंडेरावांना दरदरून घाम सुटला होता, पण ते हीटर कमी करत नव्हते. नाशिक आलं तशा लंकाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "आता येईन मी. किती का डोस असंनात."

"हां," खंडेराव म्हणाले, आणि गाडी दवाखान्याच्या फाटकात घातली.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी खंडेरावांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, की औषध लागू पडत नाहीये, पुढचे डोस घ्यायचे की नाही ते तुम्हीच ठरवा.