जांभळ्या उजेडातले ठिपके

समीक्षाताईंच्या घरी आवडीला हे चौथं वर्ष चाललं होतं आणि आजवर तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यामुळे त्या सोमवारी डबा भरता भरता ताई म्हणाल्या, "आवडी, फ्रिजच्या मागं शुक्रवारी फडकं फिरवलं नव्हतंस ना?" तेव्हा आवडी चमकलीच. कारण ते खरं होतं.

"व्हय ताई, राहिलं. आज करते."

बुधवारी न्हाणीच्या दाराची मागची बाजू निघाली. शनिवारी देव्हाऱ्याखालचा कप्पा. दर वेळी ताईंचंच बरोबर. आवडी विचारात पडली. ताई पेणला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. सकाळच्या एसटीनं गेल्या की थेट संध्याकाळी इथं वरसे गावात परत. ताईंचे नवरे विलासदादा कंपनीत, पहिल्या शिफ्टला. घराची चावी आवडीकडं. ती काम करायची तेव्हा घरात दुसरं कोण, तर एक मांजर. बरं, धुळीवरून कळावं तर एका दिवसात धूळ ती किती बसणार? तिनं स्वतः बोट फिरवून बघितलं, बोट कोरडं स्वच्छ. तरी ताईंना ठाऊक.

तिनं कॅमेरा शोधला. घड्याळाच्या मागं बघितलं, स्टुलावर चढून ट्यूबलाइटच्या पट्टीवर हात फिरवला. काही हाताला लागलं नाही.

मग उरली अनिता.

अनिता तिच्याच वाडीतली. ताईंच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर हैबतराव म्हणून एकटे म्हातारे राहायचे, त्यांच्याकडं कामाला. चार वर्षांपूर्वी ताईंच्या दारात आवडीला तिनंच आणून उभं केलं होतं. नदीकाठानं दोघी रोज बरोबर यायच्या, बरोबर जायच्या. अकराला अनिता चहाला खाली उतरायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो तो कोपरा, त्याच्यात कोण तोंड बघणार हाय?"

आता आवडीला ते बोलणं आठवायला लागलं. आणखीही एक आठवलं. पंधरा दिवसांखाली संध्याकाळी बिल्डिंगच्या फाटकाशी अनिता ताईंशी बोलत उभी होती. हातात कसलासा कागद. आवडी दिसली तशी तिनं कागद पिशवीत सारला.

"काय बोलत व्हतीस गो?"

"काय नाय. असंच."

असंच बोलायला कागद कशाला लागतो?

गुरुवारी आवडीनं मुद्दाम, अनिताच्या कानावर पडेल असं म्हटलं, "आज मिक्सरच्या मागचं सोडते गो, कंबर धरलीया." अनितानं बशीतला चहा फुंकला आणि मान हलवली. शुक्रवारी सकाळी ताई चपला घालताना म्हणाल्या, "मिक्सरच्या मागं काल पुसलं नाहीस वाटतं."

झालं. आवडीच्या लेखी गुन्हा शाबीत झाला. अनिता चहाला आली नाही त्या दिवशीही एखादा कोपरा सोडून बघावा, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. एकदा एका माणसावर संशय बसला की दुसरीकडं मान वळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वाडीतून एकटीच अर्धा तास आधी निघायला लागली. अनिता चहाला आली तर म्हणाली, "गॅस संपलाय." अनिता दोनदा रिकामी परत गेली, मग यायची बंद झाली. "माझं काय चुकलं गो?" असं तिनं जिन्यात एकदा विचारलं. आवडी केरसुणी आपटत राहिली.

आणि मग हैबतराव भेटले. खाली पाण्याच्या टाकीपाशी काठी टेकून उभे होते. "काय गं, तुझी मैत्रीण कशी आहे कामाला? खरं सांग हो, मला दिसत नाही नीट."

"बरी हाय," म्हणून ती निघाली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पोटातलं ओठावर आलं. "काका, तुम्ही झोपलात की ती टीव्ही लावून बसते. कपाटं पण उघडून बघते."

टीव्हीचं खरं होतं, अनितानंच हसत सांगितलेलं. कपाटाचं तिनं बोलता बोलता रचलं.

चार दिवसांत अनिताचं काम गेलं.

त्यानंतरच्या शनिवारी ताईंना सुट्टी होती. आवडी नेहमीपेक्षा लवकर पोचली. दार उघडंच होतं. घरातले पडदे ओढलेले, न्हाणीचा दिवा बंद, आणि आत कसलासा जांभळा उजेड हलत होता. आवडी न्हाणीच्या दारात थबकली. ताई उकिडव्या बसल्या होत्या, हातात बोटाएवढी बॅटरी. त्या उजेडात दांडीवरचा धुतलेला पंचा निळसर चमकत होता. आणि नळामागच्या फरशीवर, जिथं रोज काहीच दिसायचं नाही तिथं, एक हिरवा ठिपका पेटल्यासारखा दिसत होता.

"ताई, हे काय हाय?"

ताई दचकल्या. मग उठून दिवा लावला. ठिपका गेला.

"मांजर कुठं मुततं ते कळत नव्हतं ना, वास यायचा. म्हणून मागवली. या उजेडात डाग दिसतो."

"हा मांजराचा डाग नाय."

ताईंनी बॅटरी विझवली, पुन्हा लावली, पुन्हा विझवली. "बॅटरीबरोबर एक पेन आलं होतं. त्याची शाई साध्या उजेडात दिसत नाही. ओलं फडकं लागलं की जाते. आमच्या लॅबमध्ये सफाई अशीच तपासतात, म्हणून म्हटलं... रात्री खुणा करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं."

आवडीनं हात पुढं केला. "द्या इकडं."

तिनं दिवा घालवला आणि ती बॅटरी घेऊन घरभर फिरली. फ्रिजच्या मागं काही नव्हतं. मिक्सरच्या मागंही नाही. देव्हाऱ्याखाली एक ठिपका होता, खिडकीच्या कठड्याला एक. बाकी सगळं तिनं पुसलेलं. परत येऊन तिनं विचारलं, "म्हंजे अनितानं तुम्हाला काय सांगितलं नव्हतं?"

"अनिता? ती वरची? ती काय सांगणार?"

"फाटकात बोलत व्हतात. कागद व्हता."

"तो होय. तिच्या मुलीला, करिश्माला, पेणला वसतिगृहात घालायचंय. फॉर्म भरून मागत होती. प्रवेश मिळेपर्यंत वाडीत कुणाला बोलू नका म्हणाली."

आवडी ओट्याला टेकली. ताई पाणी घेऊन आल्या, तिनं घेतलं नाही. "मला एकदा तोंडावर सांगितलं असतंत ताई, तर मी चार येळा पुसलं असतं," एवढंच ती म्हणाली. मग चप्पल घालून तिसऱ्या मजल्यावर गेली.

हैबतरावांनी दार साखळीएवढं उघडलं. तिनं सांगितलं की कपाटाचं खोटं होतं, अनितानं कधी कशाला हात लावला नाही. म्हाताऱ्यानं साखळी काढली नाही.

"तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेस?"

"तवा बोलले काका."

"असेल. मी आता कुणालाच ठेवत नाही घरात," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

अनिता कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासते, असं वाडीत कळलं. आवडी मिनिडोर रिक्षा पकडून दुपारी तिथं पोचली. मागच्या मोरीपाशी अनिता ताटांच्या ढिगाआड बसली होती. आवडीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ठिपक्यांचं, मिक्सरचं, कपाटाचं. अनितानं हातातलं ताट घासायचं थांबवलं नाही.

"म्हाताऱ्यानं मला तवाच सांगितलं व्हतं, तुझं नाव घेऊन," ती म्हणाली. "मी वाट बघत व्हते तू कधी येतीस."

"मग इचारलं का नाय गो?"

"इचारलं व्हतं की. जिन्यात."

आवडीनं पदर खोचला आणि शेजारी बसून एक पातेलं ओढलं. अनितानं ते तिच्या हातातून काढून घेतलं. रागानं नाही, सावकाश.

"नको. शेट बघंल, म्हणंल ही कोण आणली."

ताईंनी पुढच्या महिन्यात मागच्या सोसायटीत एका घरी अनिताचं काम लावून दिलं. करिश्माला प्रवेशही मिळाला, पण ते आवडीला वाडीतल्या दुसऱ्याच बाईकडून कळलं.