मास्तरच्या माघारी

पोराला लस टोचून धाकटी सून घरी आली, तर अंगणातल्या दगडापाशी तांबडी पिसं पडली होती. ओळखीची. पोर खांद्यावर किरकिरत होतं, त्याला थोपटत थोपटत ती पुढं झाली. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि ओट्यावर दूध डेअरीची दोन माणसं हात धुऊन तयार बसली होती.

"मास्तर कुठाय?" तिनं विचारलं.

"पातेल्यात," थोरला दीर म्हणाला आणि पाहुण्यांकडं बघून हसला.

मास्तर म्हणजे कोंबडा. उघड्या मानेच्या जुन्या जातीचा. मानेवर औषधाला पीस नाही, नुसती लालभडक कातडी, आणि चाल अशी की जणू शाळा तपासायलाच निघालाय. पोरं त्याला गिधाड म्हणायची. एके काळी गावात दारोदार हीच जात होती. मग टेम्पोतून पांढरी पिल्लं विकायला यायला लागली, ती झटक्यात अंगानं भरायची, आणि उघड्या मानेची मागं पडली ती पडलीच. गेल्या उन्हाळ्यात पांढऱ्या कोंबड्या चोची वासून पटापट आडव्या झाल्या, तेव्हा ही मंडळी भर दुपारी उकिरडा उकरत होती. ते बघून गावात कुणाला काही वाटलं नाही. धाकटीला वाटलं. पण तोवर उरल्या होत्या तीन कोंबड्या आणि एक मास्तर, तेही तिच्याच दारात.

"भावजी, मला विचारायचं तरी."

"कोंबड्याला विचारलं नाही, तुला काय विचारू?"

पाहुणे खदाखदा हसले. धाकटीनं पोराला पाळण्यात टाकलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मग वाढून पण आपल्याच हातानं घ्या." आणि सरळ मागच्या दारी निघून गेली. थोरल्याला पळी कुठं असते तेही ठाऊक नव्हतं. बराच वेळ भांड्यांचा खणखणाट ऐकू येत राहिला.

मागच्या दारी सासू गवत निवडत बसली होती.

"आई, तुम्ही पण गप्प बसलात?"

"मी गोठ्यात होते. आले तोवर मान खाली पडली होती, मग शिजायला टाकावंच लागलं." सासूनं हातातली पेंढी बाजूला टाकली. "आता तोंड पाडू नको, ऐक. कोंबडा गेला म्हणून लगेच सगळं गेलं असं नाही. कोंबडीच्या पोटात त्याचं बीज काही दिवस टिकतं. आठवडाभराची अंडी त्याचीच समज, पुढचं नशिबावर. फक्त त्या रेडिओचा कोंबडा जवळ फिरकू द्यायचा नाही."

रेडिओ म्हणजे शेजारच्या काकू. उजाडलं की सुरू व्हायच्या ते दिवे लागेपर्यंत. त्यांचा काळा दांडगा कोंबडा कुंपण असं ओलांडायचा, की कुंपण त्याच्यासाठीच बांधलंय.

तीन कोंबड्यांतली एक खुडूक होऊन रिकाम्या पाटीत बसली होती, उठवली तर चोच मारायची. अंडी उबवायची सोय झाली. उरल्या दोघी अंडी घालत होत्या. त्या दोघींना धाकटीनं न्हाणीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली.

सकाळी थोरला टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा. "आत कोण आहे?"

"कोंबड्या."

"मग मी अंघोळ कुठं करायची?"

"विहिरीवर करा. पाणी भरपूर आहे."

थोरल्यानं आईकडं बघितलं. आई दुसरीकडंच बघत होती.

ही बातमी कुंपणापलीकडं पोचायला कितीसा वेळ लागणार? काकू पोटभर हसल्या. "अगं बाई, मेलेल्या कोंबड्याची पिल्लं! उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं."

"आता ऐका काकू. गावात सांगायला तुम्हाला नवं काहीतरी झालं."

बाहेर ती अशी ठणकावून बोलायची, आत मात्र जीव टांगणीला. मुळात ती झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. आता तिला आणखी एक काळजी लागली. अंडी कोंड्याच्या डब्यात ठेवायची, रोज कूस बदलायची, कुणाचा धक्का लागत नाही ना ते बघायचं.

आणि एवढं सांभाळूनही व्हायचं ते झालंच. भर दुपारी कोंबड्यांना पाणी ठेवायला ती न्हाणीत गेली, अन् तिकडं पोराला दूध पिता पिता ठसका लागला. सासू ओरडली, "अगं, धाव!" धाकटी धावली. पोराला पालथं घातलं, पाठ चोळली, पोरानं टाहो फोडला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मग आठवली कडी.

अंगणात एक कोंबडी पिसं झाडत उभी होती आणि काकूंचा काळा कोंबडा मान ताठ करून कुंपणाकडं निघाला होता. धाकटीनं चप्पल फेकून मारली. चप्पल लागली, पण उशीर झाला होता.

पुढं आलेली अंडी कुणाची, हे आता देवालाच ठाऊक. दोन्ही कोंबड्यांची अंडी सारखीच, ओळखायची तरी कशी? ती डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

"टाकून देऊ का हो ही नंतरची?"

"टाकतेस कशाला? घाल सगळी," सासू म्हणाली. "पिल्लू स्वतःच सांगतं. मास्तरचं असलं तर मान कोरी. त्या काळ्याचं असलं तर गळ्यावर पिसांचा गोंडा."

काकू कुंपणाला टेकून ऐकतच होत्या. "म्हणजे गोंडा निघाला तर पिल्लू माझं. बोल!"

"तुमचं. खुशाल घेऊन जा," धाकटी म्हणाली. "पण कोरी मान निघाली तर तुमच्याच तोंडानं गावभर सांगायचं."

खुडूक कोंबडीखाली अंडी मांडली. आठवड्यानं धाकटीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि मोबाइलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरलं. पहिलं स्वच्छ, पाण्यासारखं. दुसरं तसंच. तिसऱ्यात मात्र तांबड्या बारीक शिरा पसरल्या होत्या, आणि मधोमध काळा ठिपका. तो हलला.

"आई!" ती अशी ओरडली की सासू पिठाच्या हातानं धावत आली. "आहे हो! जिवंत आहे!"

"अगं मग ओरडतेस कशाला, भिईल ना ते."

पिल्लं निघाली त्या दिवशी थोरला मुद्दाम घरी थांबला होता. काकू तर पाट घेऊनच आल्या होत्या. पहिलं पिल्लू बाहेर आलं ते नुसता ओला गोळा. त्याला ना मान ना पाठ. धाकटी पोराला मांडीवर घेऊन पाटीपुढं बसली. पिल्लू कोंबडीच्या पोटाखाली शिरलं, वाळलं, आणि पंखातून डोकं काढून बघायला लागलं. अंगावर मऊ लव, आणि मान कोरी करकरीत.

मग दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौथंही. पाचव्याच्या गळ्यावर मात्र इवलासा गोंडा होता, टाय लावल्यासारखा.

"हे तुमचं, काकू," धाकटी म्हणाली. "थोडं मोठं होऊ द्या, मग न्या."

काकू त्या चार कोऱ्या मानांकडं बघत होत्या. पहिल्यांदाच रेडिओ बंद पडला होता. शेवटी पाट उचलत त्या पुटपुटल्या, "मेलेला कोंबडा आणि ही करामत! सांगायलाच हवं बाई." आणि लगबगीनं सांगायला गेल्या.

चारही जगली. घारीला काठी दाखवून, मांजराला खडे मारून, पावसात पाटी पदराखाली धरून धाकटीनं ती जगवली. मुठीएवढी झाली, मग दोन मुठींची. त्यातल्या एकाचा तुरा लाल व्हायला लागला, ते तिला सगळ्यात आधी दिसलं. तिनं फक्त सासूला सांगितलं.

आणि एके दिवशी थोरला अंगणात येऊन उभा राहिला. चौघांवरून नजर फिरवत त्यानं विचारलं, "यातला कोंबडा कोणता गं?"

"सगळ्या कोंबड्याच आहेत," धाकटी धान्य पाखडता पाखडता म्हणाली.

तेवढ्यात मागं, उकिरड्यावर चढून, लाल तुऱ्यानं पंख फडफडवले, उघडी मान ताणली आणि फाटक्या, घोगऱ्या आवाजात जन्मातली पहिली बांग दिली.

थोरला हसला. "ही कोंबडी?"

धाकटीनं सूप खाली ठेवलं. मागं वळूनही न बघता ती म्हणाली, "कोंबडीच आहे, भावजी. या घरातल्या आता आरवायला लागल्यात."