ठिणगीची नखं

मी एक हातमोजा आहे, उजव्या हाताचा. जाड कातड्याचा, कोपरापर्यंत येणारा, वेल्डर लोक घालतात तसला. माझ्या अंगावर दोन तऱ्हेच्या खुणा आहेत, आगीच्या आणि मांजरीच्या. आगीच्या खुणा मी मिरवतो. मांजरीच्या खुणांबद्दल बोलायला जड जातं, पण बोलतोच.

आम्ही जोडीने जन्मलो, मी आणि डावा. एका वेल्डरने आम्हाला घेतलं आणि त्या दिवसापासून त्याचा हात म्हणजे माझं घर. फाटकं, जिन्यांचे कठडे, पाण्याच्या टाक्या, काय काय जोडलं आम्ही! एकदा डावा चुकून लालबुंद पत्र्यावर टेकला आणि तळव्यातून आरपार जळाला. वेल्डरने नवी जोडी आणली, पण मला काही टाकलं नाही. "उजवा अजून धडधाकट आहे," म्हणाला.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात रिकाम्या खोक्यात मांजरीचं एक पिल्लू सापडलं, राखाडी, कपाळावर नारिंगी ठिपका. वेल्डरने त्याला माझ्यात घालून घरी आणलं. बायको दारातच म्हणाली, "हे काय नवीन?" हा म्हणाला, "ठिणगी आहे. विझेल आपोआप." ती काही विझली नाही. चार वर्षं घरभर नाचली.

मग एका सकाळी वेल्डर न्हाणीघरात पडला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून परत आला तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "ठिणगी." पाणी हवं असलं तरी ठिणगी, कूस बदलायची असली तरी ठिणगी. बायको त्याच्या डोळ्यांवरून ताडायची. क्वचित चुकायची, तेव्हा तो डावा हात गादीवर आपटायचा.

मांजर मात्र खूश होती. धनी आता दिवसभर घरात! ती त्याच्या उजव्या हातावर येऊन बसायची आणि मांजरं दाबतात तशी पुढच्या पंजांनी तो हात दाबत राहायची. तो हात हलत नव्हता, म्हणून तिला फार आवडायचा.

एका दुपारी बायकोने पांघरूण काढलं आणि किंचाळलीच. चादर रक्ताने भिजली होती. मनगटापासून बोटांपर्यंत बारीक ओरखडे, आणि वेल्डर शांत पडलेला. त्याला काही कळलंच नव्हतं. त्या हाताला काही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि स्वच्छ सांगितलं, "रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, त्यात साखर. एखादा ओरखडाही जिवावर बेतू शकतो. एक तर मांजर बाहेर काढा, नाही तर नखं सतत कापलेली ठेवा."

मुलगा त्याच घरात राहायचा, व्हॅन चालवायचा. तो म्हणाला, "आई, मी लांब सोडून येतो तिला."

"त्यांच्या तोंडात एक शब्द उरलाय रे," ती म्हणाली. "तोही तिचाच. नखं मी कापीन."

आणि तिने माळ्यावरून मला काढलं.

मांजर धरायला काही कुणी मला शिवलं नव्हतं. पण बाई डावरी होती. लहानपणापासून त्यापायी बोलणी खाल्लेली, ते इथे कामी आलं. उजव्या हातात मी, डाव्या हातात नखं कापायची कात्री. माझ्यात तिचा हात म्हणजे मडक्यात चमचा. बोटं माझ्या टोकांपर्यंत पोचतच नव्हती.

पहिला दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. खिडकीपाशी जमिनीवर बसून तिने ठिणगीला टॉवेलात गुंडाळलं, एक पंजा बाहेर काढला. मांजरीने असा आवाज काढला की शेजारीण दार ठोकून गेली. माझ्यावर दात, माझ्यावर नखं. बाईने घाबरून जरा आतच कात्री चालवली. नखाच्या आत एक गुलाबी रेघ असते, ती जिवंत असते, हे तिला कुठे ठाऊक? टपकन रक्त आलं. ठिणगी सुटली आणि कपाटाखाली जाऊन बसली. बाई तिथेच भिंतीला टेकून रडली. पलंगावरून वेल्डर म्हणत होता, "ठिणगी, ठिणगी." तो कुणाला समजावत होता कोण जाणे.

पण बाई चिवट. दुसऱ्या दिवशी तिने नुसतंच मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्यावर दुधाची साय. तिसऱ्या दिवशी तसंच. आठवडाभर कात्री दाखवलीच नाही. मग एके दिवशी पंजाचं एक बोट हलकेच दाबलं, नख बाहेर आलं, उजेडात गुलाबी रेघ पाहिली आणि पांढरं टोक तेवढं कापलं. एकच. "झालं गं बाई, झालं," म्हणत साय दिली.

दोन महिन्यांत ठिणगी शिकली. मी आलो की गप्प पडून राहायचं, डोळे मिटून घ्यायचे, थोड्या वेळाने सगळं संपतं आणि साय मिळते. दर पंधरा दिवसांनी रविवारी आमचं काम चाले. बाई मोठ्याने मोजायची. पुढची चार, पुढची चार, मागची चार, मागची चार. "सोळा!" म्हणाली की वेल्डर अर्ध्या तोंडाने हसायचा. ओरखडे थांबले. घरात पुन्हा जरा जान आली.

एका रविवारी असंच सोळा झाले. मंगळवारी वेल्डरला ताप भरला. अंग पुसताना बाईने सदऱ्याची बाही वर केली. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक बारीकसं छिद्र, टाचणी टोचावी एवढं. भोवतीचं कातडं काळंनिळं, हात सुजून तट्ट फुगलेला.

मुलाने त्याला उचलून व्हॅनमध्ये घातलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मांजरीचं नख लागलंय. बाई म्हणाली, "शक्यच नाही. परवाच सोळाच्या सोळा कापलीत." तेव्हा तिथली नर्स हळूच म्हणाली, "काकू, सोळा नसतात. अठरा असतात. पुढच्या पंजाला वर, आतल्या बाजूला अंगठ्यासारखं एक असतं. केसांत दडलेलं. आमच्याही घरी मांजर आहे ना."



हे मला नंतर कळलं, बाई मुलाला सांगत होती तेव्हा. मी त्या वेळी घरी होतो. आणि नंतर घरी काय घडलं, ते आता सांगायलाच हवं.

बुधवारी भर दुपारी मुलगा एकटा घरी आला. डोळे सुजलेले. त्याने मला हातात घातलं. त्याचा हात मला नेमका बसला, अगदी बापासारखा. ठिणगी पलंगाखाली होती. मी पुढे गेलो. मला वाटलं, आता ओरबाडेल, चावेल, निसटेल. चाव बाई, मी मनात म्हणत होतो. तिने मला पाहिलं, गप्प आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले.

मीच तिला पिशवीत घातलं.

व्हॅन बरीच लांब गेली. मासळीबाजाराच्या मागे मुलाने पिशवी उघडली. "इथे उपाशी नाही मरणार तू," एवढंच म्हणाला. ठिणगी बाहेर आली आणि साय मिळेल म्हणून माझ्याकडे बघत बसली. तेवढ्यात दोन कुत्री उठली. ती भिंतीकडे धावली, उडी मारली, घसरली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. चढायला नखं लागतात, आणि ती आम्ही रविवारीच कापली होती. शेवटी ती एका हातगाडीखाली शिरली. मुलगा व्हॅनमध्ये बसला. पुढचं मला दिसलं नाही.

शुक्रवारी वेल्डरचा उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला.

मुलाने आईला मांजरीचं सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. म्हणाली, "तिचा काय दोष होता? दोन नखं मला दिसली नाहीत. माझी चूक आणि शिक्षा तिला?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "चल, शोधू."

दोघं गेली. मलाही नेलं, धरायला. हातगाड्यांखाली, खोक्यांमागे, गटाराच्या कडेने. एक मासेवाली म्हणाली, "राखाडी? कपाळावर ठिपका? दोन दिवस इथेच घुटमळत होती. माणसाच्या हातात काही दिसलं की जवळ यायची. मग दिसली नाही." तीन दिवस शोधलं.

वेल्डर घरी आला. मला वाटलं, आधी हात बघेल. त्याने हाताच्या जागेकडे पाहिलंसुद्धा नाही. पलंगाखाली, खिडकीत, कपाटावर नजर फिरवली आणि म्हणाला, "ठिणगी?"

बाईने पाणी आणलं. त्याने तोंड फिरवलं. "ठिणगी." तिने उशी सारखी केली, खिडकी उघडली, पंखा लावला. तो डावा हात गादीवर आपटत राहिला. आयुष्यभर त्याच्या डोळ्यांवरून ओळखणारी बाई, तिला आज कळत नव्हतं असं थोडंच होतं?

शेवटी तिने त्याचा डावा हात धरला आणि सगळं सांगितलं. नखांचं, मुलाचं, बाजाराचं. त्याने ऐकलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मुलगा दाराशी उभा होता. वेल्डरने त्याला खुणेने जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.  या गोष्टीला आता महिना झाला. तो एकुलता शब्दही त्याने पुन्हा उच्चारलेला नाही. तहान लागली तरी गप्प असतो.

मी दाराबाहेर पायरीवर असतो. बाईनेच ठेवलंय, माझ्या वासाने ठिणगी वाट ओळखेल म्हणून. उन्हाने कातडं तडकलंय, शिवण उसवलीय. रोज बाई माझ्यावर थोडी साय ठेवते आणि मुंग्या ती नेतात.

तुमच्या घरी मांजर असेल तर एकदा तिचा पुढचा पंजा हातात घ्या आणि आतल्या बाजूचे केस बाजूला करून बघा. आणि तुमच्या दाराशी एखादी राखाडी मांजर आली, हात पुढे करताच डोळे मिटून गप्प आडवी झाली, तर तिला हाकलू नका. तिला काहीतरी खायला द्या. नखं वाढली असतील, तर राहू द्या.