भुईचाफ्याची जागा

लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. ज्याच्या घरामागं चार हात जागा मोकळी, त्यानं तिथं पोरांसाठी खोल्या काढल्या नाहीत तर शेजारी त्याला वेड्यात काढत. रविकिरणलाही खोल्या काढायच्या होत्या. आड येत होता तो त्याच्या आईचा, कमलम्माचा भुईचाफा.

हे कंद कमलम्मानं भूकंपात गेलेल्या लेकीच्या, सिंधूच्या अंगणातून आणले होते. लिंगायताच्या घरात मेलेल्याला बसवून माती देतात. पण तेव्हा मुडदेच इतके, की सगळ्यांना एकाच सरणावर घातलं. कमलम्मा पोचली तेव्हा त्या राखेत आपली कोण नि परकी कोण, काही कळायला मार्ग नव्हता. मग तिनं अंगणातली माती उकरली, कंद पदरात बांधले आणि घरामागं विभूती-बेल वाहून पुरले. तिच्या लेखी ती सिंधूची समाधी होती. देहाशिवाय समाधी म्हटलं तर लोक हसतील, म्हणून ती कुणाला बोलली नाही, पोटच्या पोरालाही नाही. इथंच चुकलं तिचं.

दरवर्षी फाल्गुनात, एक पान नसताना, उघड्या मातीतून जांभळी-पांढरी फुलं वर यायची. कंद कुजू नयेत म्हणून दिवाळीनंतर ती थेंबभर पाणी घालत नसे. फुलं येऊन गेली की कंद काढते, मग खुशाल बांध, असं तिनं लेकाला सांगितलं आणि तोही कबूल झाला. माघात ती चाकूरला आजारी बहिणीकडं गेली.

नेमका तेव्हाच गवंडी मोकळा झाला. रविकिरणनं परसात पाहिलं तर पान नाही, कोंब नाही, नुसती भेगाळलेली जमीन. आईनं नाद सोडला, असं त्याला वाटलं. शेवटी हौसेचीच फुलं ती. महिन्यानं कमलम्मा परतली तेव्हा चर खणून, मुरूम ठोकून भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या.

"अव्वा, तिथं काहीच नव्हतं," तो म्हणाला.

माती कुठं टाकली, तिनं विचारलं. ट्रॅक्टरवाल्यानं ती रिंगरोडला कुठंतरी ओतली होती. तेव्हा तिनं उभ्याउभ्या त्याला सगळं सांगितलं. रविकिरणचं तोंड उतरलं. भिंती पाडतो म्हणाला, तिचे पाय धरले. तिला त्याचा राग आला नाही. स्वतःचाच आला, आणि तो सोसवेना.

"राहू दे त्या भिंती," ती म्हणाली. "पर मी मेले की मला माती देऊ नको. माझ्या लेकीला जे मिळालं, तेच मला दे."

समाज काय म्हणंल, असं तो पुटपुटला. तिनं त्याचा हात ओढून आपल्या गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवला आणि तो हाव म्हणेपर्यंत सोडला नाही.