चौदा गावांत पुसायचं कुंकू

पाळकीणबाई, म्हणजे चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब यांच्या पत्नी, दिसल्या की सारजाबाईचं डोकं फिरायचं. नऊ वर्षांपूर्वी याच बाईनं तिच्या करुणाला मिशनच्या बोर्डिंगातून उचलून जर्मनीला नर्सिंग शिकायला धाडलं होतं. ‘दोन वर्षांत परत येईल,’ असं तेव्हा गोड आवाजात सांगितलं होतं. पोर तिकडंच नोकरीला लागली, आणि घरी आली ती नुसती पत्रं. तीसुद्धा आधी पाळकीणबाईंच्या टेबलावर फुटायची आणि मग चर्चच्या मागल्या दोन खोल्यांत सारजाबाईच्या हातात पडायची. तिचा नवरा वाल्मीक याच चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा. डोक्यावरचं छप्पर मिशनचं, म्हणून इतकी वर्षं तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

१९७९ साली मात्र तिनं ते उघडलं. चर्चच्या मंडळीतली सहा माणसं दोन महिने जर्मनीला जायची होती. मुळशीच्या डोंगरात प्रभूचं नाव कसं पोचलं, ते चौदा गावांतल्या चर्चमधून सांगायचं होतं. पाळकीणबाईंनी आपल्या मर्जीतल्या रंभाबाईचं, बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या विधवेचं नाव पुढं केलं. सारजाबाई भर सभेत उठली. “माजी पोर तितं हाय. मी जानार!” म्हणाली आणि खाली बसलीच नाही. शेवटी सहावी जागा तिला मिळाली. त्या दिवसापासून रंभाबाई तिला पाहिलं की थुंकायचीच तेवढी बाकी ठेवायची.

मग तयारी सुरू झाली. पुण्यात जाऊन फोटो काढले, दंडात सुया टोचून घेतल्या, पाळकीणबाईंच्या टेबलाशी बसून काट्यानं बटाटा खायला शिकले. पासपोर्ट आले ते पाळकसाहेबांनी स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवले, जणू ही माणसं ते घेऊन पळूनच जाणार होती. सारजाबाईनं धुळाजी धनगराकडून एक काळी घोंगडी घेतली. थंडीच्या मुलखात पोरीला पांघरायला. गीतांच्या सरावाला येतानासुद्धा ती काखेत घेऊन यायची.

निघायला आठ दिवस उरले होते. शनिवारी दुपारी पाळकसाहेबांनी सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं. त्यांनी स्वतः एक लहानसं नाटक लिहिलं होतं. तिकडच्या लोकांना नुसतं ऐकून समाधान होत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पाळकीणबाईंनी पौडच्या बाजारातून, मोहिद्दीनच्या दुकानातून नथ आणि कुंकवाची डबी आणली होती. मोहिद्दीननं म्हणे दोनदा विचारलं होतं, “बाई, नक्की कुंकूच ना?”

नाटकात प्रभूकडं वळणाऱ्या हिंदू बाईचं काम सारजाबाईकडं होतं. तिनं नथ घातली. कुंकू लावताना बोट जरा अडखळलं, पण लावलं. बावीस वर्षांनी कपाळ लाल झालं. घंटेच्या दोरीपाशी उभा असलेला वाल्मीक बायकोकडं बघतच राहिला.

“छान,” पाळकसाहेब म्हणाले. “आता मी प्रभूचं वचन वाचेन. तुम्ही रडायचं, आणि रडता रडता ते कुंकू पुसायचं. मग हसायचं आणि गीत धरायचं.”

सारजाबाई जागची हलली नाही.

“पुसायचं?”

“बाप्तिस्म्याच्या वेळी सोडलंच होतं की तुम्ही!”

“सोडलं हुतं. पुसलं न्हवतं.”

हा फरक पाळकसाहेबांना कळला नाही, समजून घ्यायचाही नव्हता. बावीस वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनं सकाळी उठून कुंकू लावलं नव्हतं, एवढंच. तरी तिची आई उरवड्याहून धावत आली होती आणि पोरीच्या आधी जावयाला चाचपून बघितलं होतं. न लावणं वेगळं. लावलेलं पुसतात ते एकाच दिवशी, दारात तिरडी बांधत असताना. इथं तर नवरा पाच हातांवर धडधाकट उभा होता, आणि ते चौदा गावांत चौदा वेळा पुसायचं होतं.

“मी न्हाई पुसनार.”

“सारजाबाई, ही अंधश्रद्धा आहे. इतक्या वर्षांत हेच शिकलात?” पाळकसाहेबांचा आवाज चढला आणि ‘तुम्ही’ गळून पडलं. “तुझ्यावाचून अडलेलं नाही. पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, तिथंच राहील. नाटक रंभाबाई करेल. तिचा पासपोर्ट नाही, तर दुसऱ्या खेपेला का होईना, तिला नेऊ. तिला काय अडचण? तिचा नवरा गेलेलाच आहे.”

सराव बघायला मागल्या बाकावर बसलेली रंभाबाई उठली. सारजाबाईला वाटलं, आता ही हसणार.

“एकदा पुसलंय माजं,” रंभाबाई म्हणाली. “चौघींनी धरून पुसलंय. तुमच्या नाटकाला पुन्यांदा न्हाई, साहेब.” आणि ती चालती झाली. जाताना सारजाबाईकडं तिनं पाहिलंही नाही.

सारजाबाईनं डबी उचलून पाळकीणबाईंपुढं धरली.

“बाई, तुमी करा. अंधश्रद्धाच हाय न्हवं? कुंकू नको तर ते गळ्यातलं काढा. आमच्याम्होरं एकदा तोडून दावा, मी चौदा गावांत पुसते.”

पाळकीणबाईंचा हात गळ्याशी गेला. काळ्या मण्यांत ओवलेला सोन्याचा क्रूस त्यांनी मुठीत घट्ट धरला. पाळकसाहेबांनी ते पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं.

मग पाळकसाहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि यादीतलं सहावं नाव खोडलं. खोडताना कागद फाटला.

ओरडावं, पाया पडावं, आत्ता या क्षणी पुसून टाकावं, सगळं सारजाबाईच्या मनात येऊन गेलं. नऊ वर्षं! पोरीचा चेहरा तिला आता फोटो बघितल्याशिवाय आठवत नव्हता. तिनं वाल्मीककडं पाहिलं. दोरी सोडून तो दोन पावलं पुढं आला होता.

तिनं काखेतली घोंगडी पाळकीणबाईंच्या हातांवर टाकली.

“ही करुनाला द्या.”

“काय सांगू तिला?” पाळकीणबाईंनी विचारलं. आवाज गोड नव्हता आता.

“सांगा, तुजा बाप जित्ता हाय. म्हनून आई आली न्हाई.”

ती नथ काढून बाकावर ठेवून निघाली. कपाळाला मात्र तिनं हात लावला नाही. तशा लाल कपाळानंच ती नवऱ्याबरोबर घरी गेली.