जाड्या अंगठ्याची जागा

आमच्या बाबांना प्रत्येक गोष्ट लहान करून बोलायची खोड. आमच्या डोंगरातली सगळीच माणसं तशी. कॉफीला कॉफुली म्हणतील, पावाला पावुला, आणि मरण दारात आलं तरी म्हणतील, जरा डुलकुली लागलीय. ऐकायला गोड वाटतं. पण बाबांना मधुमेह. पायाला झालेल्या फोडाला "फोडुला" म्हणत त्यांनी तो तीन महिने मोज्यात दडवला आणि शेवटी हलापा शहरातल्या इस्पितळात उजव्या पायाचा अंगठाच काढावा लागला. तेव्हापासून हा गोडवा माझ्या डोक्यात जातो.

डॉक्टरणीने बजावलं होतं, रोज पाय उघडून बघा, नाहीतर पुढे पाऊलच जाईल. पण बाबा मोजा काढतील तर शपथ! मी पट्टी घेऊन बसले की म्हणायचे, "आत्तुलं बघू गं, ओती." त्यांचं आत्तुलं कधीच उजाडत नाही. लाज वाटायची त्यांना, दुसरं काय.

त्या रविवारी अंगणात कॉफीच्या बिया वाळत होत्या. माझी तीन वर्षांची लेक निएवेस बाबांच्या मांडीवर पाय टाकून बसली होती आणि ते तिची बोटं मोजत होते, करंगळीपासून.

"हे बोटुकलं गेलं रानात, ह्याने आणलं लाकूड, ह्याने पेटवली चुलुली, ह्याने भाजली भाकरुली, आणि हा जाड्या झोपेतून उठला नि सगळं मटकावून बसला!"

"आता तुझी, आजुल्या."

"उद्या, राणी."

"आत्ता!" म्हणत तिने मोजा ओढूनच काढला. मी बाजूलाच कॉफी ओतत होते.

रान झालं, लाकूड झालं, चूल झाली, भाकरी झाली. पुढे तिचं बोट हवेतच राहिलं.

"जाड्या कुठाय?"

"गेला, राणी," बाबा खाली मान घालून म्हणाले.

"खाऊन पळाला?"

मला हसू फुटलं. बाबाही हसले, डोळे पुसत. निएवेसने आपला पाय त्यांच्या पायाला चिकटवला आणि स्वतःचा अंगठा त्या रिकाम्या जागेत बसवला.

"तोवर माझा ठेव," ती म्हणाली. मग वाकून बघत, "आजुल्या, भाकरी भाजणारा करपलाय."

बोटाचं टोक खरंच काळं पडलं होतं.

"काही नाही गं, डागु..." बाबांनी शब्द अर्ध्यातच सोडला आणि वाकून ते बोट दाबून पाहिलं.

"ओती, हलाप्याची गाडी कितीला आहे?"

"दहाला."

"मोजा राहू दे, चप्पल आण. मला फार भीती वाटतेय गं, पोरी."

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी "फार" ऐकलं नव्हतं. कॉफी तशीच टाकून मी चप्पल आणायला धावले.