रकाना चौदा

"कुठलाही रकाना दिसला की आधी विचारायचं, हा कुणी आखला आणि कशासाठी?"

चाळीस वर्षांपूर्वी वर्गात ऐकलेला सरांचा आवाज कानात होता, आणि प्राध्यापक नळजोडणीचा अर्ज खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. लोकप्रशासन शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता सरकारी अर्ज आटोपशीर करणाऱ्या समितीचे ते सल्लागार होते. पण बैठकीच्या खोलीपेक्षा कारकुनाशेजारच्या लाकडी स्टुलावर त्यांचं मन जास्त रमे.

खिडकीपलीकडे एक म्हातारी उभी होती. तिचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता.

"आजी, चौदा नंबर कोराच आहे," कारकून म्हणाला. "घरापासून कार्यालयाचं अंतर, चालत मोजलेलं, मीटरमध्ये. खाली मोजणाऱ्याची सही."

"मीटरचं मला काय कळतंय? माझ्या गुडघ्यांना विचार, ते बरोबर सांगतील."

"गुडघ्यांची सही चालत नाही ना. घरातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या."

"घरात मी आणि दोन बादल्या. त्यांतूनच पाणी तीन मजले वर नेते रे बाबा."

प्राध्यापकांनी कारकुनाकडे वळून हळूच विचारलं, "हा आकडा पुढे कोण वाचतं?"

"वाचत कुणीच नाही, साहेब. पण कोरा असला की अर्ज परत." तो थोडा घुटमळला. "उद्या दुपारी बारापर्यंतच मुदत आहे. मग थेट पुढच्या वर्षी."

म्हातारी अर्जाची घडी घालत होती. तीन वेळा घातलेली घडी. कागद आपोआप मिटला.

"पत्ता देऊन ठेवा," प्राध्यापक म्हणाले. "उद्या बाराच्या आत तुमचा अर्ज इथे असेल."

"नक्की ना, दादा?"

"नक्की."

कार्यालयाच्या मोठ्या साहेबांशी एकदा बोललं की काम होईल, असं त्यांना वाटलं होतं. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "रकाना काढायचा तर तुमच्या समितीची शिफारस लागेल, सर. मग मंजुरी, मग परिपत्रक. सहा महिने धरून चला."

तिथून ते तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात उतरले. उत्सुकता स्वस्थ बसू देत नव्हती. अंतर विचारावं, तेही चालत मोजलेलं, हे सुचलं तरी कुणाला? परिपत्रकामागचं परिपत्रक काढत, धूळ झटकत, अभिलेखपालाने शेवटी एक पिवळी पडलेली फाइल पुढ्यात ठेवली.

नमुना अर्जावर चौदावा रकाना शाईने, हाताने वाढवला होता. समासात टीप होती: 'संशोधनासाठी, फक्त सहा महिने. मोजणी विद्यार्थी करतील.' खाली लांब शेपटाची, ऐटीत केलेली सही.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही त्यांचीच होती. लोक सरकारी खिडकीपर्यंत किती चालतात, हा तर त्यांच्याच प्रबंधाचा विषय. आकडे मिळाले, पदवी मिळाली, विद्यार्थी आपापल्या वाटेने गेले. रकाना काढा असं कळवायचं मात्र राहून गेलं होतं.

"कुणी आखला, सापडलं का सर?" अभिलेखपालाने विचारलं.

"सापडलं."

"आहेत का अजून ते गृहस्थ?"

"आहेत," प्राध्यापक म्हणाले आणि फाइलची नाडी सावकाश बांधू लागले.

घरी येऊन ते बूट न काढताच कपाटापाशी गेले. खालच्या खणात, जुन्या प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यामागे, मोजणीची फीत होती. थोडी ओढून पाहिली. कुरकुरली, पण निघाली.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, चहा टाकलाय. आणि ते काय काढलंत?"

"एका बाईंना शब्द दिलाय."

"मग उद्या जा की."

"उद्या बाराला मुदत संपते. आणि ते काम मुळात माझ्याकडेच होतं."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आत जाऊन गॅस बंद केला.

प्राध्यापकांनी खिशातलं पेन हातावर उमटतंय ना, ते बघून घेतलं. मग पत्त्याची चिठ्ठी मुठीत धरून ते खाली उतरले आणि कार्यालयाच्या नव्हे, म्हातारीच्या घराच्या दिशेने चालू लागले. मोजणी तिच्या उंबऱ्यापासून सुरू व्हायला हवी होती.